ताईला खेळात बसू द्या : बालवर्ग चालवणाऱ्या संस्थाचालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, कार्यवाह आणि मुख्याध्यापक,
सस्नेह नमस्कार.

शिशुवर्ग, छोटा गट, मोठा गट चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या संस्थांना उद्देशून हे पत्र आहे. माध्यम मराठी असो की इंग्रजी, शाळा तालुक्याच्या गावची असो की पुण्या-नाशिकच्या एखाद्या सोसायटीतली, मला जे म्हणायचं आहे ते सगळीकडे सारखंच लागू पडतं. मी आधी बालवर्गावर ताई होते, आता नव्या ताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. त्यामुळे वर्गातली सकाळही माहीत आहे आणि कार्यालयातली संध्याकाळही. इमारतीचं भाडं, व्हॅनवाल्याचा तगादा, घसरता पट, चौकात नव्याने निघालेली चकचकीत शाळा. एवढ्या ओढाताणीत तुम्ही बालवर्ग चालू ठेवला आहे, याबद्दल मनात आदर ठेवूनच लिहिते.

गेल्या काही वर्षांत बालवर्गांचं रूप बरंच पालटलं. माहितीपत्रकावर ‘खेळातून शिक्षण’ आलं. ठोकळे आले, वाळूचा हौद आला, भिंतींवर हत्ती-मोर रंगवले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र धरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि संरचित खेळ असे तीन प्रकार स्पष्ट मांडले आहेत, आणि मुलाच्या दिवसात तिन्हींना जागा हवी असं म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटीही आली. कागदावर सगळं जुळून आलं आहे. वर्गातल्या खेळात मात्र एक माणूस कुठेच दिसत नाही. ती म्हणजे ताई.

ती कुठे असते ते सांगते. साडेतीन तासांचा वर्ग. प्रार्थना, हजेरी, मग लेखन, मग अंक, मग डबा, मग इंग्रजी, आणि सुटायच्या आधी अर्धा तास ‘खेळ’. मुलं ठोकळ्यांकडे धावतात आणि ताई वह्यांची चळत पुढ्यात ओढते. उद्याच्या लेखनासाठी प्रत्येक वहीत पहिली ओळ तिला घालून द्यायची असते. ठिपक्याठिपक्यांचा ‘ग’, ठिपक्याठिपक्यांचा ‘४’. पटावर चाळीस मुलं असली तर चाळीस वह्या. कालचं तपासायचं, तारीख टाकायची, खाली चांदणी काढायची, कारण शनिवारी वह्या घरी जातात आणि सोमवारी पालक गेटवर उभे राहून विचारतात. मधूनच मान वर करून ती म्हणते, ‘वाळू उडवू नका रे’, ‘त्याचा ठोकळा दे त्याला’. पुन्हा मान खाली. मुलांना तिची सर्वांत जास्त गरज असते त्या अर्ध्या तासात ती वह्यांत बुडालेली असते.

यात तिची चूक नाही. तिचं काम आपण वहीवरून मोजतो, म्हणून ती वहीला बांधली गेली आहे. माझं मागणं एवढंच आहे की हे मोजणं थांबवा, आणि त्यातून वाचलेला वेळ ताईला मुलांच्या खेळात बसण्यासाठी द्या. पत्रात पुढे जे काही लिहिते आहे ते या एका मागणीसाठीच.

मार्गदर्शित खेळ म्हणजे नेमकं काय, हे आराखड्यातल्या व्याख्येपेक्षा वर्गातल्या एका खेळावरून लवकर कळेल. मोठा गट. भातुकलीच्या कोपऱ्यात तीन मुलांनी भाजीचं दुकान मांडलं आहे. लाकडी फळीवर लिंबं, भेंड्या, कांदे. लिंबं खरी आहेत, बाकी मातीची. पैसे म्हणजे चिंचोके. एरवी हा खेळ मूठभर दे, मूठभर घे असाच चालतो, आणि त्यातही मजा आहेच. आज ताई पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून येते. ‘काय भाऊ, लिंबं कशी दिली? मला पाच द्या.’ दुकानदार मुलगा मोजायला लागतो. तोंडाने ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ झरझर होतं, पण हात मागे राहतो. पाच म्हणून संपलं तेव्हा पिशवीत चारच लिंबं पडलेली असतात.

इथे ताई ‘चुकलं, पुन्हा मोज’ असं म्हणत नाही. ती पिशवीतून पाच वाट्या काढून फळीवर ओळीने मांडते आणि म्हणते, ‘घरी पाच माणसं आहेत हो, प्रत्येकाच्या वाटीत एकेक ठेवा.’ मुलगा एकेक लिंबू ठेवत जातो. शेवटची वाटी रिकामी राहते. तो वाटीकडे बघतो, ताईकडे बघतो, पुन्हा सगळ्या वाट्यांवरून बोट फिरवतो आणि टोपलीतून एक लिंबू आणून ठेवतो. ‘आता झाले पाच!’ शेजारची मुलगी, जी इतका वेळ भेंड्या रचत होती, म्हणते, ‘मी पण वाट्यांत मोजणार.’ ताई आणखी एक पाऊल टाकते: ‘आज दोन पाहुणे पण येणार आहेत. मग किती लागतील?’ दोघं मिळून दोन वाट्या आणतात, आणि एक वाद सुरू होतो की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं की पाचाच्या पुढे. वाद ताई मिटवत नाही. ती पिशवी धरून थांबते.

या सगळ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण बघा त्यात काय काय झालं. एका वस्तूला एकच अंक, हे मुलाने स्वतःच्या हाताने पक्कं केलं. आपलं आपण चुकलेलं ओळखलं आणि आपणच दुरुस्त केलं. बेरजेची पहिली पायरी मुलांच्या वादातूनच उभी राहिली. वहीत त्याच आठवड्यात ‘५’ हा अंक चार ओळी गिरवून झाला असेल, सुंदर, रेघेत बसलेला. असा ‘५’ काढणारी कितीतरी मुलं पाच लिंबं मोजून देऊ शकत नाहीत. मोठ्या गटाच्या कोणत्याही वर्गात जा आणि करून बघा.

ताईने त्या दहा मिनिटांत काय केलं ते बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं ती नुसती खेळली. खरं तर आदल्या दिवशीच तिने ठरवलं होतं की या मुलाचं मोजणं कच्चं आहे, आज त्यावर काम करायचं. म्हणून टोपलीत सहा-सातच लिंबं ठेवली, पसाभर नव्हे. म्हणून पिशवीत वाट्या होत्या. गिऱ्हाईक होऊन ती खेळाच्या आत शिरली, बाहेरून सूचना देत राहिली नाही. आणि योग्य वेळी गप्प बसली, जे सगळ्यांत अवघड आहे. काय शिकवायचं हे ताईने ठरवलेलं आणि खेळ मात्र मुलाचाच राहिलेला, असा हा मेळ असतो. मुक्त खेळात हे ठरवणं नसतं. फळ्यावरच्या शिकवण्यात खेळ उरत नाही.

मुक्त खेळाला मी कमी लेखत नाही. मुलांना कुणाचाही हेतू नसलेला खेळ रोज मिळालाच पाहिजे. माती, पाणी, धावणं, भांडणं आणि पुन्हा गट्टी. पण ‘आमच्याकडे मुलं खेळतात की’ असं संस्थाचालक म्हणतात तेव्हा बहुधा सुटीच्या आधीचा तो शेवटचा अर्धा तासच त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला मार्गदर्शित खेळ म्हणता येत नाही.

यावर परदेशांत झालेलं संशोधनही तुमच्यासमोर ठेवते, कारण ‘हे सगळं ऐकायला छान आहे, पुरावा काय?’ असा प्रश्न कार्यकारिणीत हमखास येतो आणि तो यायलाच हवा. २०१३ मध्ये अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या ७० मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विषय भौमितिक आकार. काही मुलांना मोठ्या माणसाने आकारांची माहिती सांगितली आणि मुलांनी ऐकली. काहींना आकार देऊन हवं तसं खेळू दिलं. तिसऱ्या गटातल्या मुलांबरोबर मोठं माणूस गुप्तहेर झालं, आणि ‘या सगळ्या आकारांचं गुपित काय’ हे मुलांनी त्याच्या मदतीने शोधून काढलं. नंतर तिन्ही गटांना ओळखीचे आणि वेडेवाकडे असे सगळ्या तऱ्हेचे आकार दाखवले. गुपित शोधणाऱ्या गटाला आकाराची खूण, म्हणजे किती बाजू, किती कोपरे, ही सर्वांत चांगली कळली होती, आणि आठवड्यानंतरही ती टिकून होती.

आपल्या वर्गात याचा पडताळा घेणं अगदी सोपं आहे. आपल्या तक्त्यांवर त्रिकोण नेहमी एकाच प्रकारचा असतो: तळ खाली, टोक वर, तिन्ही बाजू सारख्या. मुलांसमोर एक लांबट, निमुळता, आडवा पडलेला त्रिकोण ठेवा. ‘हा त्रिकोण नाही, हा काटा आहे’ असं उत्तर येतं. तोच वरचा नेहमीचा त्रिकोण उलटा केला तरी मुलं म्हणतात, ‘आता तो त्रिकोण नाही राहिला.’ वर्षभर तक्त्यावरून ‘त्रिकोण, त्रिकोण’ म्हणवून घेतलेल्या वर्गात हे घडतं. आता ताई जमिनीवर बसून काड्यांचा खेळ मांडते. तीन काड्या जोडून जेवढी वेगवेगळी घरं बांधता येतील तेवढी बांधा, बारकी, जाडी, कलंडलेली. चार काड्यांचं घर आलं तर त्याला दुसऱ्या गल्लीत पाठवायचं. थोड्या वेळाने मुलंच एकमेकांना सांगायला लागतात, ‘अरे, याला तीनच कोपरे आहेत, हा पण आपल्या गल्लीतला.’ यासाठी लागतात आइस्क्रीमच्या काड्या आणि खडूने आखलेल्या दोन गल्ल्या. आणि एक ताई, जिच्या हातात त्या वेळी वही नाही.

२०११ चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी एक खेळणं तयार केलं. त्यात वेगवेगळ्या करामती दडवलेल्या होत्या. ओढलं की चूं असा आवाज, कुठे दिवा, कुठे संगीत. काही मुलांना मोठ्या माणसाने नीट दाखवलं, ‘हे खेळणं असं चालतं’, आणि एक करामत करून दाखवली. इतर काही मुलांसमोर तीच करामत सहज हात लागून झाली असं भासवलं. ज्यांना नीट शिकवलं ती मुलं तेवढीच करामत पुन्हा पुन्हा करत राहिली. खेळणं त्यांनी लवकर सोडलं आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. शिकवणाऱ्याने एक गोष्ट दाखवली की लहान मूल समजतं, दाखवण्यासारखं एवढंच आहे. म्हणून ताईने किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, याला एवढी किंमत आहे. २०२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख आणि एका कामातून मन काढून दुसऱ्यात घालणं, या गोष्टींत मार्गदर्शित खेळ थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. इतर बाबतींत तो मागे पडतो असंही दिसलं नाही.

मन एका कामातून काढून दुसऱ्यात घालणं, आलेली ऊर्मी आवरणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं. पहिलीच्या बाई ज्या मुलाबद्दल ‘हुशार आहे पण बसतच नाही’ म्हणतात, त्याला याच गोष्टींचा सराव कमी पडलेला असतो. आणि त्याच्या सरावासाठी आपल्याला बाहेरून काहीही आणावं लागत नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. शब्द ऐकायचा, पाय उचलायचा, आणि एकच शब्द दोनदा आला तर उचललेला पाय तिथेच रोखायचा. ‘शिवाजी म्हणतो’ मध्ये तर खेळाचा सगळा जीवच थांबण्यात आहे. हे खेळ मुलं आपले आपणही खेळतात, पण ताई त्यात असली की ती पातळी वाढवते. मुलं सरावली की आठवड्याने ती नियम फिरवते: आता ‘तळ्यात’ म्हटलं की बाहेर उडी मारायची आणि ‘मळ्यात’ म्हटलं की आत. पाच वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो ताण दिसतो, ओठ आवळलेले, एक पाय हवेत, तो बघण्यासारखा असतो. जे मूल सारखं बाद होतं त्याला ती राज्य देते, म्हणजे त्याला शब्द म्हणायचे असतात आणि इतरांकडे बघत नियम धरून ठेवायचा असतो. गलका ऐकून व्हरांड्यातून जाणाऱ्या माणसाला वाटतं वर्ग हाताबाहेर गेला. कृपा करून आत या आणि पाच मिनिटं बघा.

लेखनाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण खरी अडचण तिथेच आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. एकेक करून ती कडक होत जातात आणि हे काम मूल दुसरीत गेलं तरी संपलेलं नसतं. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला बारीक रेघांत पेन्सिल धरून पान भरायला लावलं की ते मुठीने पेन्सिल आवळतं, कागद फाटेस्तोवर दाबतं आणि दुसऱ्या ओळीनंतर ‘ताई, हात दुखतो’ म्हणतं. ते खरं सांगत असतं. या हाताला आधी कणीक मळायची आहे, मणी ओवायचे आहेत, शेंगा सोलायच्या आहेत, चिमटीने रांगोळी सोडायची आहे, ओला फडका पिळायचा आहे. आणि कानाला शब्दांचे तुकडे ऐकायचे आहेत: ‘सी-ता-फळ’ म्हणत टाळ्या वाजवणं, ‘क’ने सुरू होणारी वस्तू वर्गात शोधून आणणं, मोठ्या गटात सोप्या भेंड्या. अक्षराला आवाज असतो हे कानाला कळलं की डोळ्याला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही.

यातही ताईची जागा कुणी घेऊ शकत नाही. मुलाने चित्र काढलं, चार गोल आणि एक रेघ. ताई शेजारी बसते. ‘सांग मला.’ ते म्हणतं, ‘ही आमची म्हैस आहे आणि ती पळून गेली.’ ताई तेच शब्द, एकही न बदलता, चित्राखाली लिहिते आणि बोट ठेवत वाचून दाखवते. दुसऱ्या दिवशी ते मूल चित्र घेऊन येतं आणि स्वतः बोट फिरवत ‘वाचतं’: ‘ही आमची म्हैस आहे...’ आपण बोललेलं कागदावर राहतं आणि उद्याही तेच सांगतं, हे कळणं म्हणजे साक्षरतेची खरी सुरुवात. पण चाळीस मुलं आणि एक ताई असेल तर असं शेजारी बसणं किती मुलांच्या वाट्याला येणार?

म्हणून संख्येकडे येते. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाबरोबर जी गुणवत्ता मानकं आली, त्यांत तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हटलं आहे. आपल्या किती वर्गांत हे आहे? मला आर्थिक गणित कळतं. दुसरी ताई नेमणं उद्या सकाळी जमणार नाही. पण वर्गावर मावशी असतातच. मावशींना शू-शी, डबा आणि झाडू यांपलीकडे आपण काही विचारतच नाही. अनेक मावशी उत्तम गोष्ट सांगतात, त्यांना गाणी येतात, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर असतात. अर्धा वर्ग मावशींबरोबर अंगणात माती-पाण्यात आणि अर्धा वर्ग ताईबरोबर कोपऱ्यांत, मग अदलाबदल, एवढं वेळापत्रक बदललं तरी ताईपुढे वीस मुलं येतात. मावशींना त्यासाठी थोडं शिकवावं लागेल, आणि त्यांचा पगारही वाढवावा लागेल. तो वाढवावा असंच माझं म्हणणं आहे.

साहित्यावर मात्र आणखी खर्च करू नका. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण आपल्या मातीत हे आधीच सिद्ध झालेलं आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरी पद्धतीचं साहित्य सुरेख होतं, पण महाग होतं आणि खेड्यातल्या मुलाच्या जगाशी त्याचा संबंध नव्हता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड-गोटे, बांबू यांचंच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा देशभरच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. त्या दोघींकडे पैसा नव्हता. मुलाशेजारी जमिनीवर बसणारं, त्याचं ऐकणारं, पुढचं पाऊल ओळखणारं माणूस होतं. महाराष्ट्राला हा वारसा आहे, आणि आपण मात्र परगावच्या कंपनीने छापलेली कार्यपुस्तिकांची गठ्ठी मागवून तीच ताईच्या हातात देतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ताईला खेळात बसवलं की सगळं आपोआप जमेल, असं मात्र समजू नका. वाईट मार्गदर्शनाने खेळ मरतो. एका वर्गात एक मुलगा ठोकळ्यांचा पूल बांधत होता. त्याला त्याखालून एसटी न्यायची होती. ताई उत्साहाने शेजारी बसली आणि विचारू लागली, ‘हा ठोकळा कोणत्या रंगाचा? आणि हा? किती ठोकळे लावलेस?’ मुलाने तीन उत्तरं दिली, चौथ्याला उठला आणि झोपाळ्याकडे निघून गेला. खेळाची परीक्षा झाली होती. तिथेच ‘तुझ्या पुलाखालून ऊस भरलेला ट्रॅक्टर जाईल का?’ एवढंच विचारलं असतं तर उंची, रुंदी, आधार, तोल, सगळं त्या पुलात आलं असतं. हा फरक एका दिवसाच्या व्याख्यानाने अंगात उतरत नाही. ताईने ताईचा वर्ग बघावा लागतो. आठवड्यातून एकदा, मुलं गेल्यावर, तासभर एकत्र बसून ‘आज कोण काय खेळलं, मी काय म्हटलं, त्याने काय केलं’ यावर बोलावं लागतं. त्या तासाचे पैसे संस्थेने द्यायला हवेत. आणि ताई दर जूनला बदलत राहिली तर यातलं काहीच साठत नाही. बहुतेक ताई बालवर्ग सोडतात त्या मानधनामुळे, आवड संपली म्हणून नव्हे. हे तुम्हालाही माहीत आहे.

‘पण पालक वही मागतात’, हा तुमचा शेवटचा आणि सर्वांत खरा मुद्दा. पालक वही मागतात कारण मूल शाळेत काय करतं हे कळायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नसतं. त्यांच्या मागणीत काळजी आहे, पोराने मागे पडू नये एवढीच. तर त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी द्या. म्हशीचं ते चित्र, खाली ताईने लिहिलेले मुलाचे शब्द, तारखेसह. जूनमधलं एक आणि नोव्हेंबरमधलं एक शेजारी ठेवा, प्रगती कोणत्याही आईला दिसते. पालकसभेत भाषण नको, पालकांनाच भाजीच्या दुकानात बसवा आणि त्यांच्या मुलाला गिऱ्हाईक करा. लिंबं मोजताना मूल काय विचार करतं हे स्वतः पाहिलेला बाप पुन्हा वहीसाठी भांडायला येत नाही. निदान त्याचा आवाज तरी खाली आलेला असतो.

आणि पहिलीत मागे पडण्याची भीती? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने गरीब घरच्या मुलांसाठी चालवलेल्या बालवर्गांचा मोठा अभ्यास झाला. प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिलेले होते, त्यामुळे तुलना चोख होती. बालवर्गात गेलेली मुलं सुरुवातीला पुढे होती. सहावीपर्यंत मात्र ती न गेलेल्या मुलांच्या मागे पडली होती आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. हे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कारणांवर अजून वाद चालू आहे, पण अभ्यास करणाऱ्या डेल फॅरन यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्यांत एक होती, सगळ्या वर्गाला एकदम बसवून शिकवण्यात जाणारा वेळ आणि खेळाला उरलेला थोडासा वेळ. लवकर गिरवलेलं अक्षर पुढे टिकतंच, हा आपला समज तपासून बघायला एवढं पुरे आहे.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुमच्या कार्यकारिणीची बैठक होते आणि विषयपत्रिकेवर वह्या-कार्यपुस्तिकांच्या खरेदीचा विषय असतो. या वर्षी तो मंजूर करण्याआधी बालवर्गाच्या ताईंना बैठकीला बोलवा. त्यांना विचारा, रोज किती वेळ वह्यांत जातो, आणि तो मिळाला तर कोणत्या मुलाशेजारी बसाल. त्या नावं घेऊन सांगतील. मग निदान छोट्या गटाच्या वह्या पूर्ण बंद करा, मोठ्या गटाच्या दिवाळीपर्यंत थांबवा, आणि खेळाचा तास सुटीच्या तोंडावरून उचलून सकाळी प्रार्थनेनंतर ठेवा, मुलं ताजी असतात तेव्हा. ताईच्या टेबलावर चाळीस वह्यांऐवजी एकच निरीक्षण वही राहू द्या, रोज तीन-चार मुलांबद्दल दोन ओळी लिहिण्यासाठी. महिन्याने ती वही मागवून वाचा. कोणता मुलगा कुठे अडला आहे आणि ताई त्यावर काय करते आहे, हे तुम्हाला तिच्यातून कळेल. काही शंका असली तर ताईशी बोला, वर्गात जाऊन खाली बसा. सुरुवातीला मुलं तुमच्याकडे बघतील, मग विसरतील आणि थोड्या वेळाने तुम्हालाही लिंबं विकायला येतील. तेव्हा पाच मागा.

आपली,
एक बालशिक्षिका